सीपीयू अलार्मच्या मर्यादा नव्याने लावताना: प्रकल्प नोंदी

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

आमच्या सहकारी बँकेचे जाळे फार मोठे नाही. मुख्य कार्यालयात सिस्को कॅटॅलिस्ट ३७५०-एक्स स्विचचा एक जुना स्टॅक (एकत्र जोडलेला संच) कोअर, म्हणजे जाळ्याचे केंद्र, म्हणून काम करतो, शाखांमध्ये मिक्रोटिकचे हेक्स राउटर आयपीसेक टनेलने (इंटरनेटवरील एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीने) मुख्य कार्यालयाला जोडलेले आहेत, सर्व्हर बहुतांशी लिनक्सवर चालतात आणि या सर्वांवर झॅबिक्स ६.० ही देखरेख प्रणाली लक्ष ठेवते. एखाद्या यंत्राच्या सीपीयूचा (प्रोसेसरचा) वापर ९० टक्क्यांच्या वर गेला की मोबाइलवर एसएमएस येतो. असे एसएमएस इतके येऊ लागले की रात्रपाळीचे सहकारी ते न वाचताच पुसून टाकतात आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण सकाळी पाहावे तर प्रत्येक वेळी सर्व काही सुरळीत चाललेले असते.

आजच्या बैठकीत '९० चे ९५ करून टाका' अशी सूचना आली. ती सोपी आहे आणि तिने एसएमएसही कमी होतील. परंतु ९० हा आकडा नक्की कशाचा आहे, किती वेळाने मोजलेला आहे आणि तो ओलांडल्यावर कोणी काय करायचे आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर बैठकीत कोणाकडे नव्हते. म्हणून उत्तरे मिळेपर्यंत आकड्याला हात लावायचा नाही, असे ठरवून ही नोंदवही सुरू करीत आहे. असेच काम अंगावर आलेल्या दुसऱ्या कोणाला तिचा उपयोग व्हावा.

१४ ऑगस्ट २०२४, बुधवार

प्रथम मागील इतिहास काढायला गेलो आणि तेथेच अडलो. सीपीयूच्या नोंदींचा कच्चा इतिहास टेम्प्लेटमध्ये (झॅबिक्समधील तयार नियमसंचात) फक्त सात दिवस ठेवलेला आहे. त्यापुढचे काही हवे असल्यास झॅबिक्सच्या ट्रेंडमध्ये तासाचे किमान, सरासरी आणि कमाल एवढेच मूल्य उरते. तासाची कमाल ९७ आहे यावरून ते ९७ टक्के वीस सेकंद टिकले की वीस मिनिटे, हे कळत नाही, आणि आम्हाला नेमके तेवढेच हवे आहे. जुलैअखेरचा भार पाहण्याची संधी त्यामुळे गेलेली आहे. इतिहास ३५ दिवसांचा केला. डेटाबेस किती वाढतो ते पाहावे लागेल, परंतु केवळ सीपीयूच्या आयटमपुरता (मोजल्या जाणाऱ्या मूल्यांपुरता) बदल असल्याने फार फरक पडू नये.

महिनाअखेर डोळ्यांसमोर आल्याशिवाय मर्यादा ठरवता येणार नाहीत, म्हणजे किमान अडीच आठवडे थांबणे आले. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी पहिल्या दिवशी इतर काहीही करण्यापूर्वी इतिहासाची मुदत वाढवावी. उद्याच्या १५ ऑगस्टची सुटी आणि रविवार आधाररेषेतून (नेहमीच्या भाराच्या हिशेबातून) वगळण्याची खूण करून ठेवली आहे, कारण सुटीच्या दिवसांचे रिकामे आकडे सरासरीत मिसळले की कामाच्या दिवसाचा नेहमीचा भारसुद्धा असाधारण वाटू लागतो.

१७ ऑगस्ट २०२४, शनिवार

अलार्मचा नियम उघडून वाचला. टेम्प्लेटमधील मूळ नियम असा आहे: मागील पाच मिनिटांतील किमान मूल्य ९० पेक्षा अधिक असल्यास समस्या उभी करावी. किमान मूल्य घेण्यामागील विचार चांगला आहे. दर मिनिटाला मोजणी होत असेल तर सलग पाचही मोजण्या ९० च्या वर असल्याशिवाय घंटा वाजत नाही आणि क्षणभराच्या उसळीने कोणाची झोप मोडत नाही.

आमच्याकडे मात्र हा विचार कागदावरच राहिला होता. मागे केव्हातरी झॅबिक्सच्या सर्व्हरवरील भार कमी करण्यासाठी एसएनएमपीने (यंत्रांकडून जाळ्यावरून आकडे मागवण्याच्या पद्धतीने) घेतल्या जाणाऱ्या सर्व आयटमची मोजणी एका मिनिटावरून पाच मिनिटांवर नेली गेली. नियमातील पाच मिनिटांची खिडकी तशीच राहिली, त्यामुळे तिच्यात आता एकच मोजणी सापडते. एका मोजणीचे किमान मूल्य म्हणजे तीच मोजणी. सलग पाच वेळा खात्री करून घेणारा नियम एका उसळीवर ओरडणारा झाला आणि हे घडल्याची कोणतीही सूचना प्रणालीने दिली नाही, कारण तिच्या दृष्टीने नियमात काहीच चूक नव्हती.

दुरुस्ती दोन टप्प्यांत केली. सीपीयूचे आयटम पुन्हा एका मिनिटावर आणले. इंटरफेसच्या लांबलचक तक्त्यांची मोजणी पाच मिनिटांवरच ठेवली, कारण खरा भार त्यांचाच होता. शिवाय खिडकी मिनिटांत न मोजता 'शेवटच्या पाच मोजण्या' अशी केली. पुढे कोणी मोजणीचे अंतर बदलले तर अलार्म उशिरा वाजेल, परंतु एका मोजणीवर वाजणार नाही. माझ्या मते या प्रकारच्या नियमात मोजण्यांची संख्या लिहिणेच अधिक सुरक्षित आहे. मात्र यंत्राशी संपर्क तुटून मोजण्यांत खंड पडल्यास शेवटच्या पाच मोजण्या बऱ्याच जुन्या असू शकतात, म्हणून 'माहिती येत नाही' हा वेगळा अलार्म चालू आहे ना, तेही तपासून घेतले.

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार

शाखांकडचे एसएमएस लक्षणीय कमी झाले. कोअर स्विचचे झाले नाहीत.

स्विचवर 'शो प्रोसेसेस सीपीयू हिस्टरी' हा आदेश दिला. तो साठ सेकंद, साठ मिनिटे आणि बहात्तर तास असे तीन आलेख अक्षरांनी काढून दाखवतो. त्यात तारका कमाल मूल्याच्या असतात आणि पाउंडाच्या (#) खुणा सरासरीच्या. देखरेख प्रणालीतील इतिहास अपुरा असताना हा बहात्तर तासांचा आलेख फार उपयोगी पडतो आणि तो यंत्रातच असतो, त्यासाठी वेगळे काही उभारावे लागत नाही. आमच्या आलेखात दर चार तासांनी कंगव्याच्या दातांसारखी एकसारखी उंच टोके दिसली. रविवारीही, मध्यरात्रीही. बँकेतील माणसांचे कोणतेही काम इतके शिस्तीत चालत नाही, तेव्हा हे एखाद्या वेळापत्रकाचे काम असणार, हे उघड होते.

दुपारी बारा वाजता स्विचसमोर बसून 'शो प्रोसेसेस सीपीयू सॉर्टेड' देत राहिलो. पहिल्या ओळीत पाच सेकंदांचा वापर ९८%/४% असा होता. तिरप्या रेघेपूर्वीचा आकडा एकूण वापराचा आणि नंतरचा आकडा इंटरप्टचा, म्हणजे मुख्यतः पाकिटे पुढे पाठवण्याच्या कामाचा. दुसरा आकडा इतका लहान असेल तर भार वाहतुकीचा नाही, एखाद्या प्रक्रियेचा आहे. यादीच्या शिरोभागी 'एसएनएमपी इंजिन' होते.

म्हणजे स्विचला दमवणारे आम्हीच होतो. एका जुन्या सर्व्हरवर आयपी पत्त्यांची यादी तयार करणारी एक स्क्रिप्ट दर चार तासांनी चालते आणि ती कोअर स्विचचा संपूर्ण एसएनएमपी वृक्ष (विचारता येणाऱ्या सर्व मूल्यांची उतरंड) मुळापासून शेंड्यापर्यंत चालत जाते. त्यात राउटिंगचा (पाकिटांच्या वाटांचा) तक्ता आणि एआरपीचा (कोणता आयपी पत्ता कोणत्या यंत्राचा, याचा) तक्ताही येतो. हे तक्ते यंत्राच्या आत एसएनएमपीला हव्या असलेल्या क्रमाने साठवलेले नसतात. मागणी आली की स्विचला ते क्रमाने लावून द्यावे लागतात आणि तक्ता मोठा असेल तर त्यात सीपीयू भरून जातो. एसएनएमपीची प्रक्रिया कमी प्राधान्याची असते. दुसऱ्या कोणत्या कामाला सीपीयू हवा झाला तर त्याला आधी वाट मिळते. म्हणूनच ९८ टक्के दाखवणारा स्विच पाकिटे मात्र बिनतक्रार पुढे पाठवीत होता आणि सकाळी पाहणाऱ्याला काहीच बिघडलेले दिसत नव्हते.

आज मर्यादा ९५ वर नेली असती तरी या टोकांनी ती ओलांडलीच असती.

२३ ऑगस्ट २०२४, शुक्रवार

एसएनएमपीचा एक मर्यादित व्ह्यू (काय विचारता येईल याची चौकट) तयार केला. त्यात संपूर्ण वृक्ष समाविष्ट करून राउटिंग तक्त्याची शाखा १.३.६.१.२.१.४.२१ आणि एआरपी तक्त्याची शाखा १.३.६.१.२.१.४.२२ वगळली आणि तो त्या स्क्रिप्टच्या कम्युनिटीला (एसएनएमपीच्या परवलीच्या शब्दाला) जोडला. झॅबिक्सची कम्युनिटी वेगळी आहे, तिला धक्का लागला नाही. दोन्हींना एकच कम्युनिटी असेल तर आधी त्या वेगळ्या कराव्यात, नाहीतर कोण किती मागते आहे, हेही समजत नाही.

अपेक्षेप्रमाणे स्क्रिप्टची यादी निकामी झाली, कारण ती एआरपी तक्त्यावरच उभी होती. लेखापरीक्षणासाठी ती यादी लागते, त्यामुळे ती बंद करून चालणार नव्हते. आता एआरपीची माहिती रात्री एकदाच, स्विचवर लॉगिन करून 'शो आयपी एआरपी' या आदेशाने घेतली जाते आणि मजकुरातून पत्ते वेगळे काढले जातात. ही सुधारणा करण्यात जवळपास संपूर्ण दिवस गेला. अलार्मच्या मर्यादांच्या कामात हा वेळ कोणी धरलेला नसतो, पण तो जातोच. संध्याकाळचा आलेख सपाट आहे.

२८ ऑगस्ट २०२४, बुधवार

आज उलटे घडले. खरी अडचण आली आणि अलार्म उशिरा वाजला.

दुसऱ्या मजल्यावर टेबलाखाली ठेवलेल्या एका लहान, व्यवस्थापन नसलेल्या स्विचमध्ये कोणीतरी पॅच कॉर्डची दोन्ही टोके खोचली. त्या व्हीलॅनमध्ये (जाळ्याच्या स्वतंत्र भागात) ब्रॉडकास्टचे वादळ उठले, म्हणजे सर्वांसाठीची पाकिटे त्यात गोल फिरत राहिली, कोअर स्विचचा सीपीयू 'एआरपी इनपुट' या प्रक्रियेने भरला आणि काउंटरवरील पडदे अडकू लागले. पहिला फोन आला, केबल शोधून काढली, व्यवहार सुरू झाले आणि त्यानंतर काही मिनिटांनी एसएमएस आला.

कारण टेम्प्लेटमध्ये आहे. कोअर स्विचसाठी जे मूल्य मोजले जाते ते पाच सेकंदांचे नाही आणि एका मिनिटाचेही नाही. ते सीपीएमसीपीयूटोटल५मिनरेव्ह, म्हणजे १.३.६.१.४.१.९.९.१०९.१.१.१.१.८ या ओआयडीवरील (एसएनएमपी वृक्षातील पत्त्यावरील) पाच मिनिटांचे मूल्य आहे. दीर्घ मुदतीचा कल पाहण्यासाठी तेच योग्य असल्याचे सिस्कोचे दस्तऐवज सांगतात आणि ९० टक्क्यांची शिफारसही याच मूल्यासाठी आहे. परंतु ही साधी सरासरी नसून जुन्या मोजण्यांचे वजन हळूहळू घटवत नेणारी चल सरासरी आहे. ढोबळ हिशेब करून पाहिला. ३० टक्क्यांवर स्थिर असलेला सीपीयू अचानक १०० वर गेला आणि तेथेच राहिला, तरी ही सरासरी ९० ओलांडायला सुमारे दहा मिनिटे घेते. त्यावर सलग पाच मोजण्यांची आमची अट. म्हणजे वादळ सुरू झाल्यापासून अलार्म वाजेपर्यंत पंधरा मिनिटांच्या आसपास. १७ तारखेच्या दुरुस्तीने हा उशीर वाढला, कारण आधीच सरासरी असलेल्या आकड्यावर आम्ही आणखी एक गाळणी बसवली. शाखांच्या राउटरना जी अट शोभली ती येथे जड झाली.

ओआयडीच्या शेवटी ८ च्या जागी ७ घेतल्यास एका मिनिटाचे मूल्य मिळते आणि ६ घेतल्यास पाच सेकंदांचे. पाच सेकंदांचे मूल्य दर मिनिटाला विचारण्यात अर्थ नाही, कारण साठांपैकी पंचावन्न सेकंद अंधारातच राहतात. म्हणून कोअर स्विचवर दोन वेगवेगळे अलार्म ठेवायचे ठरवले. एका मिनिटाचे मूल्य सलग दोन मोजण्यांत ९५ च्या वर गेले तर लगेच एसएमएस जाईल. कोणीतरी उठून पाहायचे आहे. पाच मिनिटांचे मूल्य अर्धा तास ७५ च्या वर राहिले तर फक्त मेल जाईल. दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळेत कारण शोधायचे आहे. एकाच आकड्याकडून ही दोन्ही कामे करून घेण्याचा प्रयत्न आतापर्यंत चालला होता.

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

महिनाअखेर शनिवारी पार पडली. पाचवा शनिवार असल्याने बँक चालू होती, त्यामुळे पूर्ण दिवसाचा भार पाहायला मिळाला. शनिवारी रात्री डेटाबेस सर्व्हरने एसएमएसचा सपाटा लावला आणि आज त्याची चिकित्सा केली.

झॅबिक्सच्या लिनक्स टेम्प्लेटमध्ये सीपीयूचा वापर हा शंभरातून रिकामा वेळ वजा करून काढलेला असतो. म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ, ज्याला आयओवेट म्हणतात, तोही 'वापर' म्हणून मोजला जातो. रात्री दीड वाजता बॅकअप सुरू होतो, तेव्हा डिस्क व्यग्र असते आणि सीपीयू तिच्या उत्तरासाठी थांबलेला असतो. आमच्या आलेखात ९३ टक्के दिसत होते; त्यातले ६० च्या वर आयओवेट होते. सीपीयू वाढवून मागणारा एक प्रस्ताव याच आलेखाच्या आधारे तयार होत होता, तो थांबवला. डेटाबेस सांभाळणाऱ्या मॅडमना हे पटवायला दोन्ही रेषा एकाच आलेखावर दाखवाव्या लागल्या. त्यानंतर त्यांनीच बॅकअपची फाइल वेगळ्या डिस्कवर नेण्याचे सुचवले.

बॅकअपच्या वेळी देखभालीची खिडकी लावून अलार्म दाबून टाकावेत, असाही एक मार्ग होता. तो घेतला नाही. रात्री दीड ते चार या वेळेत खरोखर काही बिघडले तर त्याचाही आवाज दबला असता आणि दिवसअखेरीची कामे नेमकी त्याच वेळेत चालतात. त्याऐवजी एक गणिती आयटम केला: शंभरातून रिकामा वेळ आणि आयओवेट दोन्ही वजा करून उरलेले मूल्य. एसएमएसचा अलार्म त्यावर आहे. आयओवेटसाठी निराळा अलार्म ठेवला, सलग अर्धा तास ४० च्या वर, आणि तो फक्त मेलने डेटाबेस विभागाकडे जातो. आभासी यंत्रांवर स्टील टाइमही (खालच्या होस्टने दुसऱ्या यंत्रांना दिल्यामुळे हुकलेला सीपीयूचा वेळ) पाहावा लागतो; तो वाढलेला असेल तर दोष त्या यंत्राचा नसून खालच्या होस्टवरील गर्दीचा असतो. आमच्याकडे तो नगण्य निघाला.

६ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

उद्या गणेश चतुर्थीची सुटी असल्याने आज घाईत एवढेच केले की अलार्म मिटण्याच्या अटी लिहिल्या.

अलार्म वाजण्याची अट आणि तो मिटण्याची अट एकच असेल तर ८९ आणि ९१ यांच्यामध्ये हेलकावे खाणारे यंत्र तासात अनेकदा वाजते आणि अनेकदा मिटते. प्रत्येक वेळी दोन एसएमएस. आरएमओएन या जाळे-देखरेखीच्या मानकात, म्हणजे मे २००० च्या आरएफसी २८१९ मध्ये, चढती आणि उतरती अशा दोन स्वतंत्र मर्यादा आहेत त्या याचसाठी. झॅबिक्समध्ये मिटण्याची अट वेगळी लिहिता येते. शाखांच्या राउटरसाठी चढती मर्यादा ८५ ठेवली. मिटण्यासाठी मागील दहा मोजण्यांतील कमाल मूल्य ७० च्या खाली असले पाहिजे. दोन्हींमधील अंतर १० ठेवून आधी चाचणी घेतली होती, ते अपुरे पडले. १५ चे अंतर आमच्या आलेखांवरून ठरवले आहे; दुसऱ्यांनी ते जसेच्या तसे उचलू नये.

११ सप्टेंबर २०२४, बुधवार

न वाजणारे अलार्म शोधण्याचे काम मागे राहिले होते. एका तालुक्याच्या शाखेतून पडदे हळू उघडतात अशी तक्रार बरेच दिवस येत होती आणि आमच्या आलेखात त्या राउटरचा सीपीयू कधी पन्नाशीपर्यंतही पोहोचत नव्हता. दोष इंटरनेट पुरवठादाराचा आहे असे धरून त्याच्याशी पत्रव्यवहारही झाला होता.

हेक्सच्या या प्रतिमानाच्या प्रोसेसरमध्ये दोन कोअर (गणना करणारे गाभे) आणि चार थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत आणि एसएनएमपीवरील एचआरप्रोसेसरलोड हा आयटम प्रत्येक थ्रेडचा आकडा वेगळा देतो. तो आकडा मागील एका मिनिटाची सरासरी असतो. चार अलार्मऐवजी एकच यावा म्हणून मागे या चार आकड्यांची सरासरी काढणारा आयटम केला गेला होता. सरासरी ४१ होती. एक थ्रेड ९७ वर अडकला होता. चारांपैकी एकच पूर्ण भरला आणि बाकीचे रिकामे असले तर सरासरी २५ च्या पुढे जात नाही, तेव्हा ९० चा अलार्म त्यावर कधीच वाजणार नव्हता. सरासरी काढून टाकली आणि चौघांतील कमाल मूल्याचा आयटम केला. अलार्म एकच राहिला आणि तो खरे बोलू लागला.

राउटरवर 'टूल प्रोफाइल' (कोणते काम किती सीपीयू घेते ते दाखवणारे साधन) लावले तेव्हा बहुतेक वेळ एन्क्रिप्शनमध्ये जात असल्याचे दिसले. या राउटरमधील एमटी७६२१ए चिपमध्ये आयपीसेकसाठी हार्डवेअरची मदत आहे, मात्र ती एईएस-सीबीसी आणि एसएचए या एन्क्रिप्शन व पडताळणीच्या पद्धतींच्या जोडीला मिळते, एईएस-जीसीएमला नाही. या शाखेचा टनेल उभारताना जीसीएम निवडले गेले होते. मुख्य कार्यालयातील फायरवॉलच्या प्रोसेसरला दोन्ही सारखेच हलके पडत असल्यामुळे त्या टोकाला फरक जाणवला नाही. सगळे ओझे शाखेतील लहान राउटरवर पडले.

१३ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

काउंटर बंद झाल्यावर टनेलचे प्रपोझल (एन्क्रिप्शनच्या पद्धतींची निवड) एईएस-२५६-सीबीसी आणि एसएचए-२५६ असे बदलले. शाखेकडील बदल आधी केला, कारण मुख्य कार्यालयाकडून सुरुवात केली असती तर टनेल तुटून शाखेच्या राउटरपर्यंत पोहोचण्याची वाटच बंद झाली असती. तरीही जोडणीच्या दुसऱ्या टप्प्याच्या सेटिंगमधील एक कलम दोन टोकांमध्ये जुळले नाही आणि टनेल उभा राहिला नाही. शाखेच्या राउटरला बाहेरून प्रवेश दिलेला नसल्यामुळे शाखेतील शिपायाला फोनवर सूचना देऊन जुनी प्रत परत लावून घ्यावी लागली. दुसऱ्यांदा बदल करताना मिक्रोटिकमधील सेफ मोड चालू ठेवला; त्यात संपर्क तुटला तर केलेले बदल आपोआप मागे घेतले जातात. पहिल्या वेळी तो वापरला असता तर त्या गृहस्थांना घरी जायला उशीर झाला नसता.

टनेल उभा राहिल्यावर स्थापित एसएच्या (चालू सुरक्षित जोडण्यांच्या) यादीत एच ही खूण दिसली, म्हणजे काम हार्डवेअरकडे गेले. तोच थ्रेड आता कामाच्या वेळेत २० ते ३० मध्ये असतो. उद्या दुसरा शनिवार. सोमवारी शाखेत विचारून खात्री करायची.

१८ सप्टेंबर २०२४, बुधवार

अलार्म वाजला की कोणती प्रक्रिया भार टाकते आहे, हे त्याच क्षणी कळावे, यासाठी कोअर स्विचला स्वतःहून बोलायला लावले. 'प्रोसेस सीपीयू थ्रेशोल्ड टाइप टोटल रायझिंग ९० इंटरव्हल ६० फॉलिंग ७० इंटरव्हल ६०' हा आदेश दिला आणि सीपीयूचे ट्रॅप (यंत्राने स्वतःहून पाठवायचे इशारे) चालू केले. याचा मोठा लाभ सिस्लॉगमधील (यंत्राच्या स्वतःच्या नोंदींमधील) ओळीत आहे: एकूण वापर, इंटरप्टचा वाटा आणि सर्वाधिक वापर करणाऱ्या तीन प्रक्रियांचे क्रमांक व टक्केवारी तीत येते. देखरेख प्रणाली नंतर विचारायला जाते तोवर बहुतेक वेळा चोर पळालेला असतो. ही ओळ मात्र त्याच वेळची असते. प्रक्रियेचे नाव न येता क्रमांक येतो, म्हणून एकदा 'शो प्रोसेसेस सीपीयू' ची यादी काढून जपून ठेवली.

येथे दोन गोष्टींनी वेळ खाल्ला.

पहिली अशी की ट्रॅप यूडीपीवर जातो आणि पोहोचल्याची पोच त्याला नसते. चाचणीत चढतीचा ट्रॅप आला आणि उतरतीचा आलाच नाही, त्यामुळे समस्या दुसऱ्या दिवसापर्यंत उघडीच दिसत राहिली. स्विच व्यग्र असतानाच ट्रॅप हरवण्याची शक्यता अधिक असते, तेव्हा हे पुन्हा होणार हे धरून चालले पाहिजे. आता समस्या उभी करणे ट्रॅपने होते आणि ती मिटवणे मोजणीने होते: एका मिनिटाचे मूल्य सलग दहा मोजण्यांत ७० च्या खाली आले की ती मिटते, उतरतीचा ट्रॅप आला किंवा नाही याची वाट न पाहता.

दुसरी गोष्ट तांत्रिक नव्हती. एसएमएसमध्ये त्या तीन प्रक्रियाही याव्यात, अशी रात्रपाळीची मागणी होती आणि ती रास्त होती. परंतु ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांमुळे व्यावसायिक एसएमएसचा मजकूर डीएलटी या नोंदणीच्या मंचावर आधी नोंदवावा लागतो आणि मजकूर बदलला की मंजुरी नव्याने घ्यावी लागते. बदलत्या माहितीसाठी सोडलेल्या जागेतही ठरावीक अक्षरेच मावतात. सिस्लॉगची ओळ तीत बसत नाही. अर्ज पाठवून उत्तराची वाट पाहण्यात दिवस गेले, शेवटी एसएमएसचा मजकूर जुनाच ठेवला आणि संपूर्ण ओळ मेलमध्ये टाकली. ज्यांच्या अलार्मचे एसएमएस नोंदणीकृत मजकुरातून जातात, त्यांनी मजकुरातील बदलत्या जागा सुरुवातीलाच सढळ हाताने मागून घ्याव्यात.

२३ सप्टेंबर २०२४, सोमवार

आकडे टेम्प्लेटमध्ये कोरून न ठेवता मॅक्रोमध्ये (नावाने वापरायच्या, बदलता येणाऱ्या मूल्यांत) टाकले. झॅबिक्समध्ये यंत्रावर लिहिलेला मॅक्रो टेम्प्लेटच्या मॅक्रोवर मात करतो आणि टेम्प्लेटचा मॅक्रो सर्वसाधारण मॅक्रोवर. ही सोय चांगली आहे, परंतु तिच्या आधाराने मागील काही वर्षांत निरनिराळ्या यंत्रांवर 'तात्पुरते' म्हणून लिहिलेले आकडे सापडले. एका सर्व्हरवर मर्यादा १०० होती. वापर १०० पेक्षा अधिक होऊ शकत नाही, म्हणजे कोणीतरी तो अलार्म कायमचा मारून टाकला होता आणि कारण कोठेही लिहिलेले नव्हते. असे सर्व आकडे काढून टाकले. यापुढे यंत्रावर वेगळा आकडा लिहायचा असेल तर मॅक्रोच्या वर्णनाच्या रकान्यात कारण आणि तारीख लिहिल्याशिवाय तो ठेवायचा नाही, असे विभागात ठरले आहे. ते पाळले जाईल का, ते दिसेलच.

१ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

काल सहामाहीअखेर होती. व्याजाची आकारणी रात्री उशिरापर्यंत चालली. डेटाबेस सर्व्हरचा खरा वापर, आयओवेट वगळून, बराच वेळ ८० च्या पुढे होता. त्याचा मेल गेला, एसएमएस गेला नाही आणि तसेच अपेक्षित होते, कारण आकारणी वेळेत पूर्ण झाली आणि कोणी उठून काही करण्यासारखे नव्हते. कोअर स्विच शांत होता.

पहाटे एक एसएमएस आला, दुसऱ्या एका शाखेच्या राउटरचा. रात्रपाळीच्या सहकाऱ्यांनी तो वाचला, राउटरवर प्रोफाइल लावले आणि डीएनएसमध्ये (नावांवरून आयपी पत्ते शोधून देण्याच्या कामात) वेळ जात असल्याचे पाहून बाहेरच्या बाजूने येणाऱ्या डीएनएसच्या विनंत्या बंद केल्या. राउटर इंटरनेटकडून आलेल्या प्रश्नांनाही उत्तरे देत बसला होता. सकाळी मी पोहोचलो तेव्हा नोंद लिहून तयार होती. तोच नियम बाकीच्या शाखांवरही आज लावला.

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

फायरवॉलचे काम उरले आहे. त्याच्या प्रोसेसरचे काही कोअर पाकिटे आली आहेत का, हे सतत विचारत राहण्याच्या पद्धतीवर चालतात, त्यामुळे वाहतूक असो वा नसो, ते कायम १०० टक्के दिसतात. त्यांच्यावर सीपीयूची कोणतीही मर्यादा लावणे निरर्थक आहे, म्हणून तूर्त त्या कोअरचे अलार्म बंद करून कारण मॅक्रोच्या वर्णनात लिहिले. त्यांच्यासाठी पाकिटे गळण्याचे प्रमाण आणि रांगांची लांबी मोजावी लागेल. नियंत्रणाचे काम करणारे कोअर वेगळे आहेत आणि त्यांना ८५ व ७० ची जोडी चालते. गळतीचे आयटम पुढील आठवड्यात जोडायचे आहेत. त्यांच्या मर्यादा मात्र दिवाळीपूर्वीच्या गर्दीचे आकडे हाती आल्यावरच ठरवायच्या आहेत आणि त्यासाठी इतिहासाची मुदत आजच ३५ दिवसांवर नेऊन ठेवली आहे.